माझ्याच कचेरीत माझा चौथा नंबर

मी चौथी शिकलो. पाचवीची शाळा नदीच्या पलीकडं होती आणि आमच्या म्हशी अलीकडं, म्हणून शिक्षण तिथंच थांबलं. पण लिहायला-वाचायला मला कुणाची मदत लागत नाही. सरपंच होतो त्या पाच वर्षांत एकाही कागदावर मी न वाचता सही केली नाही. एका पानाला अर्धा तास लागायचा. ग्रामसेवक समोर बसून घड्याळाकडं बघायचा. बघू दे. हे लिहायला बसलो तेव्हा मुलगी म्हणाली, "आबा, तुम्ही बोला, मी मोबाईलवर उतरवून घेते." मी म्हटलं, माझं आहे ते माझ्या हातानंच उतरेल.

राजकारण माझं पाच वर्षांचं. व्यापार त्याच्या आधीपासूनचा आणि आजही चालू. आमच्या आंदर मावळात भात सगळ्यांच्या घरात, पण तो विकायचं कसब फार थोड्यांकडं. मी तरुणपणी कार्ल्याच्या फाट्यावर करवंदं-जांभळं विकून तोंड उघडायला शिकलो. एसटी थांबली की खिडकीखाली उभं राहून बोलायचं, आणि गाडी हलायच्या आत माणसाला पटवायचं. मग इंद्रायणी तांदूळ घेऊन लोणावळ्यात बंगल्या-बंगल्यांत जायला लागलो. कुरवंड्याच्या रस्त्याला एकेक बंगला असा, की फाटकापासून दारापर्यंत जाताना पोतं दोनदा खाली ठेवावं लागायचं. तिथल्या बायका शहाण्या. दाणा दाताखाली धरून बघायच्या. कट् वाजला तर जुना, दबला तर नवा. मी आधीच सांगायचो, "बाई, नवा आहे, पाणी कमी घाला." खरं सांगितलं की गिऱ्हाईक परत येतं. पुढं गावातच दुकान टाकलं आणि लोक मला शेठ म्हणायला लागले. मी अडवलं नाही.

धंद्यात मी एक नियम कधी मोडला नाही, तो म्हणजे भवानीचा. सकाळी दुकान उघडल्यावर जो पहिला येतो, त्याला रिकामं पाठवायचं नाही. त्याला 'नाही' म्हटलं की दिवसभर दुकानात माशा मारत बसावं लागतं. एकदा कुरवंड्याच्या एका बंगल्यावर सकाळी पहिलाच माळी आला. त्याच्या घरी पूजा होती, अक्षतांपुरता ओंजळभर तांदूळ पाहिजे होता. माझ्याकडं सगळी शिवलेली पोती. मी एका पोत्याची शिवण उसवली, त्याला ओंजळभर दिला आणि पोतं पुन्हा सुई-सुतळीनं शिवलं. माळी म्हणाला, "एवढ्यासाठी?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी नाही बाबा, माझ्यासाठी."

असा मी. आता अशा माणसाला सरपंच केल्यावर काय होईल?

सरपंचपद त्या वेळी आरक्षणाच्या सोडतीत खुलं पडलं होतं. माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, बोलण्यात माझ्यापेक्षा मोठा, दुकानात येऊन बसला.

"दादा, तू उभा राहा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काय? तुज्या दुकानातनं कुणी रिकाम्या हातानं गेलेलं न्हाई. यवढं सांगितलं की भाषण झालं."

मला तराजूचं चिन्ह हवं होतं, मिळाली छत्री. ऐन थंडीत, डोक्यावर निरभ्र आभाळ असताना चुलतभाऊ उघडी छत्री घेऊन सगळ्या आळ्यांतून फिरला. म्हाताऱ्या विचारायच्या, "का रं, ऊन लागतंय का तुला?" पण लोकांनी छत्रीपुढचं बटण दाबलं आणि मी निवडून आलो. बायको म्हणाली, "आता घरात या डझनभर छत्र्यांचं काय करायचं ते पयलं सांगा."

कचेरी मी दुकानासारखीच चालवली. दुसरं काही येतच नव्हतं. सकाळी स्वतः कुलूप काढायचो, टेबल पुसायचो, उदबत्ती लावायचो, आणि जो पहिला आत येईल त्याला 'नाही' म्हणायचो नाही. सुरवातीला यानं कुणाचंच बिघडलं नाही. एकाला खांबावरचा दिवा पाहिजे होता, तो लावून दिला. एकीच्या दारापुढची मोरी तुंबली होती, ती काढून दिली. गावात नाव झालं. ग्रामसेवक तळेगावचा, शिकलेला पोरगा. तो एकदा हळूच म्हणाला, "आबा, हे दुकानाचं शास्त्र इथं नका चालवू. अर्ज आलेल्या तारखेनं घेऊ या." मी म्हटलं, "तुमच्या तारखा तुमच्यापाशी. माझा धंदा बसलेला कधी बघितलाय का?" त्यानं रजिस्टर पुढं ओढलं.

गावाला मात्र माझं शास्त्र कळलं. पहिला जो, त्याचं काम झालंच. मग आठच्या आधी पायरीवर माणसं दिसायला लागली. मला वाटायचं, लोकांना पंचायतीची गोडी लागली.

शेवटच्या वर्षी, माघात एका सकाळी कुलूप काढायला गेलो, तर पायरीवर चुलतभाऊ चहाचा थर्मास घेऊन बसलेला.

"यवढ्या लवकर?"

"दादा, मी पयला हाय का न्हाई?"

"हाईस की."

"मग आता न्हाई म्हणायचं न्हाई. येशीवर कमान पायजे. दगडी. वर दोन हत्ती."

आमची पंचायत लहान. वर्षाला एखादंच मोठं काम बसायचं. पण उदबत्ती लावलेली होती, भाऊ पहिला होता, त्यानं माझ्यासाठी ऐन थंडीत छत्री धरली होती, आणि चहाही चांगला होता. मी म्हटलं, "दिला शब्द."

त्याच आठवड्यात धनगरवस्तीची मावशी आली. वस्ती गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत. दहा-बारा घरं, म्हशींवर जगणारी. मावशी माझ्याच वयाची असेल, पण सगळा गाव तिला मावशी म्हणतो म्हणून मीही म्हणतो. साडेनऊच्या पुढं आली, काखेत दुधाची रिकामी किटली. तिच्या आधी तिघं होते. नंबर आल्यावर उभ्यानंच बोलली.

"शेठ, वढ्यावर साकव पायजे."

साकव म्हणजे पायी जायचा छोटा पूल. वस्ती आणि गाव यांच्या मधे ओढा आहे.

"बघू," मी म्हटलं.

"बघू नगा. सुनेला तिसरा म्हैना सरला. श्रावणात दिस भरत्यात. श्रावणात वढा कसा असतो ते तुमी बघितलंय का कदी?"

"बघितलंय की," मी म्हटलं. खोटं बोललो. श्रावणात वर कोण जातं?

"मागल्या पावसात माज्या दिराचा पाय मोडला. वढा उतरंस्तवर अडीच दिस त्या अंगाला पडून व्हता. अजून लंगडतोय. सुनेला अडीच दिस थांब म्हणून सांगू का?"

"तसं न्हाई मावशी. पण यंदाचं मोठं काम ठरलंय. कमानीचा शब्द दिलाय. भवानीचा शब्द हाय त्यो."

"कसली भवानी?"

मी तिला नियम सांगितला. मोठ्या अभिमानानं सांगितला. ती ऐकत राहिली आणि मग हसली.

"मंजी जो पयला यील त्याचं काम?"

"पयल्याला न्हाई म्हणत न्हाई, इतकंच."

"मग मी कवा पयली यायची? झऱ्यावरनं पानी आणायचं, पाच म्हशी पिळायच्या, मग दोन तासाची वाट. आन गावात आल्या आल्या आदी डेअरीची गाडी गाठायची."

"मनात आणलं तर माणूस पयला येतो, मावशी."

बाकावरची माणसं आमच्याकडं बघायला लागली होती. मावशीनं किटली खाली ठेवली.

"शेठ, दुकान तुमचं व्हतं तवर भवानीबी तुमची. ही पंचायत काय तुमच्या बापानं मांडलेलं दुकान हाय व्हय?"

माझ्याशी असं आजवर कुणी बोललं नव्हतं. बायकोसुद्धा एवढ्या मोठ्यानं बोलत नाही. मी टेबलावर हात आपटला, उदबत्तीची राख सांडली.

"तोंड सांबाळून बोल!"

"सांबाळते. तुमी या की एक दिस माज्याकडं मुक्कामाला. माज्यासंगं उटा, माज्यासंगं काम करा, आन मग पयले यून दावा. पयले आलात तर साकवाचं नाव परत काडणार न्हाई."

"येतो! उद्याच येतो!"

ग्रामसेवकानं तोंडावर फाईल धरली. हसत होता तो, मला दिसलं.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "जावा. पण गुडघ्याला तेल लावून जावा. आन साकवाच्या विरुद्ध निघालाय का साकवासाटी, ते वाटंत ठरवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो आणि दिवस कलताना वस्तीवर पोचलो. दोन तासांची वाट म्हणाली होती, मला तीन लागले. चढाला मधे चार ठिकाणी मी झाडं बघायला थांबलो. मावशीच्या दारात लंगडा दीर दावं वळत बसला होता. त्यानं मला बसायला घोंगडी टाकली. जेवायला बाजरीची भाकरी आणि सायीसकट दूध. असं दूध मी गावात कधी प्यालो नाही, आणि गावात तेच दूध येतं. वाढताना सून हळूच म्हणाली, "आबा, साकव व्हईल ना वं श्रावणापतूर?"

आयुष्यभर गिऱ्हाईक सांभाळलेला मी माणूस. गोड उत्तर माझ्या जिभेवर कायम तयार असतं. पण त्या पोरीला मला 'होईल' म्हणता येईना आणि 'नाही'सुद्धा म्हणता येईना. मी भाकरी मागून घेतली. भूक नव्हती तरी.

पहाटे चारला मावशीनं उठवलं. "उटा शेठ, भवानीची येळ झाली." मी झऱ्यावरनं दोन हंडे आणले. मग म्हशीखाली बसलो. लहानपणी मी म्हशी पिळलेल्या, मला वाटलं हात विसरले नसतील. हात विसरले नव्हते, पण म्हशीला मी पसंत नव्हतो. तिनं लाथ मारून चरवी उलटी केली. मावशी काही बोलली नाही. दुसरी चरवी घेऊन स्वतः बसली. तिनं बोलायला पाहिजे होतं, मला बरं वाटलं असतं.

साडेसहाला निघालो. तिच्या डोक्यावर मोठी किटली, माझ्या खांद्यावर लहान. मी पुढं चालायचं ठरवलं होतं. पहिल्या वळणापर्यंत चाललोही. मग ती पुढं गेली ती गेलीच. मी दम खायला थांबलो की मागं न बघता म्हणायची, "चला शेठ, गिऱ्हाईक खोळंबलंय."

ओढ्याला माघात पाणी ते किती, घोट्याएवढं. पाय ठेवायला दगड मांडलेले. मावशी पलीकडं पोचलीसुद्धा. मी तिसऱ्या दगडावर पाय ठेवला, दगडावरच्या शेवाळानं दगा दिला आणि दोन्ही पाय पाण्यात गेले. किटली तेवढी वर धरली. त्या गार पाण्यात मी उभा राहिलो आणि काठाकडं बघितलं. दोन्ही काठांवरच्या झाडांना माझ्या डोक्याच्याही वर वाळलेलं गवत आणि काटक्या अडकलेल्या होत्या. पुरानं नेऊन लटकवलेल्या. एवढं वर पाणी येतं तर. मी ते बघत होतो, ते मावशीला दिसलं. या वेळी तिनं टोमणा मारला नाही.

गावात आलो ते आधी डेअरीवर. दूध दिलं, गाडी निघता निघता गाठली. मग कचेरी. साडेनऊ वाजून गेले होते. बाकावर दोघं बसलेले, शाळेचे गुरुजी आणि खालच्या आळीतला एक गवंडी. ग्रामसेवक मान खाली घालून लिहीत होता. दारात पावलं वाजली तसा वर न बघताच म्हणाला, "नंबरानं बसा. दोन आहेत पुढं."

मग त्यानं वर बघितलं. "अहो आबा! तुम्ही? हे पाय कशानं भिजले?"

मी म्हटलं, "कितवा नंबर माझा?"

"तिसरा धरा," तो गोंधळून म्हणाला.

"न्हाई न्हाई," मावशी म्हणाली. "तिसरा माजा. मी पुडं व्हते. शेठचा चवथा."

मी बाकावर बसलो. चौथा. गुरुजी उठून जागा द्यायला लागले, मी हातानं खाली बसवलं. दहा मिनिटं गेली. शेवटी ग्रामसेवक म्हणाला, "आबा, एक विचारू का? तुम्ही खुर्चीत बसल्याशिवाय पहिल्या नंबराचं काम कोण करणार?"

त्यावर सगळी कचेरी हसली. मावशी तर पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो, पण जरा उशिरा.

मग खुर्चीत बसलो. गुरुजींचं ऐकलं, गवंड्याचं ऐकलं. मावशीचा नंबर आला तेव्हा ती म्हणाली, "मला लिवता येत न्हाई." मी कागद ओढला आणि तिचा अर्ज माझ्या हातानं लिहिला. अर्धा तास लागला. घड्याळाकडं कुणी बघितलं नाही.

चुलतभावाला हे दुपारपर्यंत कळलं. तो दुकानात आला, पण नेहमीसारखा पोत्यावर बसला नाही.

"दादा, भवानीचा शब्द मोडणार तू?"

"व्हय."

"दुकान बसंल तुजं."

"बसू दे. माज्या दुकानातलं काय बी माग, आत्ता पोतं सोडतो. कमान माज्या दुकानात न्हाई. मी दुसऱ्याच्या मालावर भवानी केली."

"आन लोकांपुडं काय सांगणार? चुकलो म्हणून?"

तिथं त्यानं मला बरोबर धरलं. 'चुकलो' हा शब्द मी आयुष्यात तीनदा वापरला असेल, त्यातल्या दोन वेळा बायकोपाशी. तिसरी वेळ ग्रामसभेची. देवळापुढच्या पारावर उभा राहिलो आणि म्हटलं, "मी पंचायतीचं दुकान केलं, ते माझं चुकलं. कमानीचा शब्द मी एकट्यानं दिला, गावाला न विचारता. आता तुम्ही ठरवा. मला म्हणाल तर ओढ्याकाठच्या झाडांवर गवत कुठवर अडकलंय ते मी हात वर करून दाखवतो." आणि हात वर केला. हात पुरला नाही, म्हणून गुरुजींची काठी घेऊन दाखवलं.

मावशीचा दीर लंगडत पुढं येऊन बसला. हात वर झाले. साकव मंजूर झाला. माझ्या भावकीच्या आळीतला एकही हात वर आला नाही, तो भाग मी मनात नीट ठेवला आहे. त्याच सभेत ग्रामसेवकानं आणखी एक ठराव मांडून घेतला: महिन्यातून एक दिवस कचेरी वस्तीवर बसेल.

पुढचे तीन महिने मी तालुक्याच्या कचेरीत अशा चकरा मारल्या, जशा एके काळी बंगल्यांच्या फाटकावर मारायचो. साहेब म्हणाले, "आबा, उद्या या." मी म्हटलं, "उद्या येतो, पण आज इथंच बसतो." गाडी हलायच्या आत माणसाला पटवायची माझी सवय तिथं उपयोगी आली. वैशाखात काम सुरू झालं. वस्तीची माणसं खपली, गावातली खपली. भावकीतलं कुणी आलं नाही. पण एका सकाळी वाळूचा एक ट्रॅक्टर न सांगता येऊन रिकामा झाला. ट्रॅक्टर चुलतभावाचा. तो स्वतः आला नाही, मीही विचारलं नाही. आम्ही दोघं एकाच आजोबाचे नातू.

श्रावणात एका दुपारी ओढा असा चालला होता की काठावर माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. सुनेला कळा सुरू झाल्याचा निरोप आला म्हणून मी अलीकडं जीप आणून उभा होतो. सून साकवावरनं स्वतःच्या पायांनी चालत आली, एक हात कठड्याला, एक मावशीच्या खांद्याला. मागून दीर तिच्या डोक्यावर छत्री धरून येत होता. छत्री माझ्या निवडणुकीची. बायकोनं त्या डझनभर छत्र्या वस्तीवर वाटून टाकल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. कामशेतच्या दवाखान्यात संध्याकाळी मुलगी झाली.

पुढच्या निवडणुकीत मी पडलो. चुलतभाऊ उभा राहिला आणि निवडून आला. त्यानं कमान बांधली, दगडी, वर दोन हत्ती. हत्ती जरा डुकरासारखे दिसतात, पण ते मी त्याला एकदाच सांगितलं. दोन वर्षं मी कमानीखालून गेलो नाही, शेताच्या बांधावरनं वळसा घालायचो. मग एका पावसाळ्यात बांध खचला. कमानीखालून गेलो. कमान बरी आहे. सावली पडते.

वस्तीवरची महिन्याची कचेरी मात्र त्याला मोडता आली नाही, ग्रामसभेचा ठराव आहे. त्या दिवशी तो वर जातो आणि संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन पोत्यावर बसतो, पाय चोळत. "दादा, कुटनं काडलंस हे?" म्हणतो. मी त्याला चहा देतो. ठराव माझ्या काळातला, गुडघे त्याचे. मला याचं वाईट वाटत नाही.

दुकानात भवानी अजून पाळतो. मावशी दूध घालून साडेनऊच्या पुढं येते, बरोबर नात असते. साकवावरनं आलेली पोर आता चार वर्षांची झाली. पायरी चढतानाच मावशी विचारते, "काय शेठ, भवानी झाली का?"

"झाली की."

"मंजी आता न्हाई म्हणायला मोकळे तुमी."

"मोकळा हाय."

मग ती काय पाहिजे ते सांगते, वर मूठभर जास्त मागते, आणि नात बरणीकडं बोट दाखवून गुळाचा खडा मागते. मोकळा आहे मी. अजून एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही.